पद्मिनीसाठी जाणत्या हातांचा शोध

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने पश्चिमेकडे निघाले की भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावे एकामागून एक मागे पडतात आणि पौडनंतर मुळशी जलाशयाचा परिसर लागतो. ताम्हिणी घाटाकडे जावे तसतसा पाऊस वाढत जातो. हा घाटमाथा महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक आहे. पावसाळ्याचे चार महिने इथली हवा भिजल्या कापडासारखी जड असते. पुण्यातील व्यापारी कुटुंबांनी या तालुक्यात शेतघरे बांधली, तेव्हा शहरातील वाड्यांत आणि दुकानांत न मावणारे जुने सामानही हळूहळू इकडे आले. पितळी घंगाळे आले, शिसवी गल्ला आला, तराजू-वजने आली. आणि क्वचित कुठे पडवीच्या टोकाला ताडपत्रीखाली झाकलेली आजोबांची फियाटही आली.

घंगाळे चिंचेने घासले की पुन्हा उजळते. गल्ल्याला तेलाचा हात फिरवला की त्याचे लाकूड जिवंत होते. गाडीचे तसे नाही. ताडपत्रीखाली हवा खेळत नाही, जमिनीतून ओल वर चढते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. पाच-सहा पावसाळ्यांनंतर नातू ताडपत्री उचलतो, तेव्हा दाराच्या खालच्या कडेला बोट लावताच पत्र्याचा भुगा हाती येतो. ‘ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची’ असा निश्चय घरात होतो. पैशांची तजवीजही होते. मात्र त्यानंतर जो प्रश्न उभा राहतो, त्याचे उत्तर पैशांत मिळत नाही. हे काम करणारा माणूस कोठे आहे?

सोलापूरच्या पेढीपासून कुर्ल्यापर्यंत

या गाडीचा आणि जैन व्यापारी समाजाचा संबंध केवळ मालकीचा नाही. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ साली सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरची परंपरा पेढीची आणि कापसाच्या व्यापाराची. पण वालचंदांचे मन बांधकामात, जहाजांत आणि यंत्रांत रमले. पुणे जिल्ह्यातच इंदापूर तालुक्यात वसलेले वालचंदनगर आजही त्यांचे नाव सांगते. भारतात मोटार तयार झाली पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. परकीय सरकारची अनास्था सोसून त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने गाड्या जोडल्या गेल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९५३ साली वालचंद निवर्तले. मात्र कुर्ल्याचे काम थांबले नाही.

१९५० च्या दशकातील गोलसर पाठीची फियाट लोकांनी ‘डुक्कर फियाट’ या गमतीदार नावाने ओळखली. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली. त्यानंतर प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी ही नावे त्याच घराण्यातील गाडीने धारण केली. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गिअर आणि पुढे सलग बाकासारखी सीट, असे तिचे रूप होते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याच्या त्या काळात दारात पद्मिनी येणे हा कुटुंबाचा उत्सव असे. दुकानाचा माल, लग्नाचा आहेर, तीर्थयात्रेची वळकटी, सारे काही तिच्या डिकीत आणि टपावर मावत असे.

शतक संपता संपता पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईत मात्र ती काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने धावत राहिली. मुंबईतील अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे नाहीशी झाली. वृत्तपत्रांनी तिला भावपूर्ण निरोप दिला. त्या निरोपात एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. टॅक्सी होती तोवर तिच्या सुट्या भागांना रोजची मागणी होती आणि तिचा आवाज ऐकून दोष सांगणाऱ्या मिस्त्रींना रोजचे काम होते. टॅक्सी गेली आणि त्या विद्येचा रोजगारही गेला.

‘मूळ’ कशाला म्हणावे?

जुनी गाडी केवळ चालती करायची असेल तर मार्ग सोपा आहे. दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवावे, आधुनिक सीट टाकाव्यात, चकचकीत रंग द्यावा. परंतु मग आजोबांची गाडी उरत नाही. तिच्या कवचात दुसरीच गाडी उरते. कायदाही आता हा भेद करतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम प्रसिद्ध केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे ग्राह्य असते. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्याच्या चौकटीत, कायेत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. असे वाहन रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी नाही; प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच ते रस्त्यावर आणता येते.

पन्नास वर्षांचा हिशेब मांडला की लक्षात येते, १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातील प्रेसिडेंट आणि पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. मुळशीच्या पडवीतील गाडी कालपर्यंत केवळ जुनी होती. आज ती वारसा ठरू शकते. त्या वारशाची किल्ली तिच्या मूळ भागांत आहे.

ऐतिहासिक वाहनांची ‘फिवा’ ही आंतरराष्ट्रीय संस्था १९६६ पासून काम करते. तिने स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेचा आशय असा की, आहे ते जपणे हे नवे करण्यापेक्षा श्रेष्ठ आहे. मूळ भाग दुरुस्त होत असेल तर तो बदलू नये. बदलावाच लागला तर नवा भाग नवा म्हणून ओळखता यावा, अशी खूण त्यावर असावी. म्हणजे कसोटी चकाकीची नाही, प्रामाणिकपणाची आहे. आणि आहे ते जपणे हे नवे बसवण्यापेक्षा कितीतरी अवघड असल्यामुळेच जाणत्या कारागिराची गरज पडते.

पत्र्याची भाषा

पहिला शोध असतो तो पत्राकाम करणाऱ्याचा. पद्मिनीला ट्रकसारखी स्वतंत्र लोखंडी चौकट नाही; पत्र्याची कायाच सारा भार वाहते. दारांखालची पोकळ पट्टी, पायाखालचा तळपत्रा, चाकांवरच्या कमानी, जॅक लावण्याची जागा, हे भाग आधी गंजतात आणि नेमके हेच गाडीला सरळ धरून ठेवतात. उतावळा वेल्डर कुजलेली पट्टी कापून टाकतो आणि गाडी मध्यभागी किंचित झुकते. ती झुकल्याचे तेव्हा कळत नाही. सहा महिन्यांनी दारे लागेनाशी झाली की कळते. जाणता कारागीर कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे गज तात्पुरते जोडून घेतो, मापे खडूने लिहून ठेवतो आणि एका वेळी एकच बाजू उघडतो.

पोचा काढण्यातही असेच आहे. आजच्या गॅरेजात खड्डा पुट्टीने भरून वर रंग मारण्याची सवय झाली आहे. मुळशीच्या दमट हवेत अशी जाड पुट्टी दोन पावसाळ्यांत फुगते. जुना डेंटर एका बाजूस डॉली धरतो, दुसऱ्या बाजूने हलके घाव घालत जातो आणि पत्रा मूळ जागी परत आणतो. फार ठोकला की पत्रा ताणून पसरतो आणि कडक होतो. मग त्याला योग्य ठिकाणी तापवून मऊ करावे लागते. किती तापवावे हे तो पत्र्यावर चढणाऱ्या रंगावरून ओळखतो.

हे ज्ञान पुण्याला नवे नाही. कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवेकाळापासून तांब्या-पितळेची भांडी ठोकून घडवली जातात. भांड्यावर ओळीने उमटणारे मठारकामाचे ठसे केवळ शोभेसाठी नसतात. त्या घावांनी धातू घट्ट आणि टणक होतो. तांबटाच्या हंड्यात आणि डेंटरच्या मडगार्डात धातू निराळा, पण तत्त्व एकच: घाव कोठे घालावा आणि कोठे थांबावा. ज्या शहराने हे तत्त्व शतकानुशतके जोपासले, त्याच शहराच्या वेशीवर मडगार्ड सरळ करणारा हात मिळणे दुर्मीळ व्हावे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

मुलामा आणि ओतकाम

पत्र्यानंतर दृष्टी जाते ती बंपर, जाळी, हबकॅप, दाराच्या मुठी आणि नावाच्या अक्षरांकडे. बंपर लोखंडाचा असतो. त्याचा जुना मुलामा काढून, पॉलिश करून, आधी तांब्याचा, मग निकेलचा आणि शेवटी क्रोमचा अतिशय पातळ थर चढवावा लागतो. तांबे आणि निकेल यांचे थर वाचवून थेट क्रोम चढवले तर बंपर पहिल्या दिवशी तितकाच चमकतो. गंज मात्र पहिल्याच पावसाळ्यात डोके वर काढतो. या उद्योगातील रसायने घातक असल्याने त्यावर कडक निर्बंध आहेत आणि ते योग्यच आहेत. त्यामुळे सांडपाण्याची नीट व्यवस्था असलेल्या ठिकाणीच काम द्यावे. स्वस्तात आणि गल्लीत होणारा मुलामा कोणाच्या तरी विहिरीत उतरतो, हे विसरू नये.

मुठी आणि अक्षरे यांची कथा याहून कठीण. हे भाग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात दाबून केलेले असतात. काळाच्या ओघात त्यांवर बारीक पुळ्या येतात. लोखंडासाठी वापरतात ते आम्ल त्यांना लावले तर मुलाम्याबरोबर मूठही विरघळू लागते. कसबी कारागीर एकेक पुळी कोरून स्वच्छ करतो, ती जागा तांब्याने भरून काढतो, घासतो आणि मगच निकेलकडे वळतो. चार मुठींच्या या कामाला एका बंपरपेक्षा अधिक दिवस लागतात. दिवस मोजताना मालकाने हे ध्यानात ठेवावे.

भाग हरवलेलाच असेल तर तो नव्याने ओतावा लागतो, आणि इथे कोल्हापूरचे नाव निघते. शिवाजी उद्यमनगर आणि आसपासच्या भट्ट्यांनी या शहराला ओतकामाचे केंद्र बनवले. कोल्हापूरची ही कल्पकता जुनी आहे. विदेशी यंत्र मिळेना, तेव्हा १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साहाय्याने सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, तो याच शहरात. दसऱ्याच्या शाही सोहळ्यात छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातील मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा तिच्याभोवती आजही गर्दी होते. त्या काळच्या मोटारींच्या बेअरिंगमध्ये कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मऊ मिश्रधातू ओतून तो हाताने खरवडत बसवावा लागे. अशा गाड्या चालत्या राहतात, त्या कोणीतरी हे काम अजून विसरलेले नाही म्हणून.

हरवलेले अक्षर ओतायचे तर नमुना म्हणून दुसऱ्या गाडीचे तेच अक्षर मागून आणतात. पण ते जसेच्या तसे वाळूत दाबून पितळ ओतले तर नवे अक्षर लहान निघते, कारण थंड होताना पितळ शंभर मिलिमीटरमागे सुमारे दीड मिलिमीटर आकसते. त्याच्या दोन्ही खिळ्या मग बॉनेटच्या भोकांत बसत नाहीत. म्हणून पॅटर्न करणारा मिस्त्री नमुना तेवढ्या हिशेबाने मोठा घडवतो. आता संगणकाने मूळ भागाचे त्रिमितीय मापन करून असा मोठा नमुना छापून घेता येतो, आणि पिरंगुट परिसरातील छोट्या कारखान्यांत संगणकावर चालणारी यंत्रेही आहेत. या साधनांचा उपयोग अवश्य करावा. तरीही वाळू किती दमट असावी, धातू कोणत्या क्षणी ओतावा आणि ओतल्यावर कड किती घासावी, हे ठरवायला माणूसच लागतो.

जे इटलीतही मिळत नाही

पद्मिनीचा जन्म इटलीच्या फियाट ११०० मधून झाला, त्यामुळे इंजिनाचे आणि ब्रेकचे काही भाग आजही युरोपातील जुन्या फियाटच्या विक्रेत्यांकडे शोधता येतात. परंतु पद्मिनी भारतात दीर्घकाळ बनत राहिली आणि तिची जाळी, दिवे, डॅशबोर्ड यांचे रूप इथे बदलत गेले. जे बदल कुर्ल्यात झाले, त्यांचे भाग इटलीत कसे मिळणार? ते इथल्याच बाजारात शोधावे लागतात किंवा इथल्याच हातांनी घडवावे लागतात.

रबराची अडचण तर प्रत्येक मालकाला येते. काचेभोवतीचे बीडिंग उन्हाने कडक होऊन तडकते आणि पाणी आत शिरते. मुळशीच्या पावसात गाडी कुजण्याचे ते एक मोठे कारण. रबराचा कारखानदार नवा साचा करून देतो, पण एका गाडीपुरता साचा कोणालाच परवडत नाही. व्यापाऱ्याला याचे उत्तर सुचायला वेळ लागू नये. दहा मालकांनी एकत्र येऊन एकच मागणी नोंदवली, तर साच्याचा खर्च दहा ठिकाणी वाटला जातो आणि पुढील दहांसाठी साचा तयार राहतो. घाऊक खरेदीचे हे साधे गणित जुन्या गाड्यांच्या जगात अजून पुरेसे वापरले जात नाही.

सीटच्या बाबतीत जैन कुटुंबांपुढे एक निराळा प्रश्न येतो. युरोप-अमेरिकेतील अनेक जुन्या मोटारींना मुळातच चामड्याच्या गाद्या असत आणि मूळ स्वरूपाचा आग्रह धरला तर पुन्हा चामडेच आणावे लागेल. पद्मिनीने हा पेच टाळला आहे. तिला रेक्झिनची गादी शोभते आणि तीच तिच्या काळाशी जुळते. ज्यांच्याकडे त्याहून जुनी विदेशी मोटार आहे, त्यांनी असलेले जुने आवरण जपावे आणि नवे घालायचेच झाले तर कापड किंवा रेक्झिन घालून तशी नोंद ठेवावी. अहिंसेसाठी केलेला आणि उघडपणे सांगितलेला बदल हा खोटेपणा नव्हे. गादीखालच्या स्प्रिंगा आणि काथ्या मात्र फेकू नयेत. फोम भरला की सीटची उंची बदलते आणि बसणाऱ्याला ती गाडी परकी वाटू लागते.

बाजारातील दोन मोह

सुट्या भागांसाठी पुणेकर नाना पेठेत जातात. तिथल्या जुन्या दुकानांच्या माळ्यांवर कधीकधी कंपनीच्या मूळ वेष्टनातील एखादा भाग धूळ खात पडलेला सापडतो. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो; तिथे पान्यांच्या आणि नळांच्या ढिगात एखादे हबकॅप हाती लागते. मुंबईत चोरबाजार आणि कुर्ल्याची गॅरेजे यांचीही फेरी होते. या भटकंतीत आनंद आहे, तसे दोन मोहही आहेत.

पहिला मोह स्वस्त मालाचा. बाजारभावाच्या चतुर्थांश किमतीत मिळणारा भाग आला कोठून, हे विचारायला खरेदीदार कचरतो. दुसरा मोह नावाचा. नव्याने बनवलेल्या भागाला थोडी माती चोळून ‘ओरिजिनल’ म्हणून विकले जाते, आणि पुढे गाडी विकताना मालकही तेच शब्द उच्चारतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरून आणलेला माल घेणे, म्हणजे तदाहृतादान, हा त्यांतील एक. आणि खऱ्याच्या जागी तसेच दिसणारे खोटे खपवणे, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, हा दुसरा. मोटारीचा शोधही लागला नव्हता तेव्हा सांगितलेले हे दोन अतिचार जुन्या मोटारींच्या बाजाराला तंतोतंत लागू पडतात. म्हणून प्रत्येक भागाची पावती घ्यावी, विक्रेत्याचे नाव नोंदवावे आणि नवा भाग नवा म्हणूनच लिहून ठेवावा. चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक यांना तर कोणालाही हात लावू देऊ नये, आर. सी. बुकाशी त्यांचा मेळ हीच गाडीची ओळख आहे.

कारागीर ओळखावा कसा?

चांगल्या कारागिराच्या दारावर पाटी असेलच असे नाही. त्याला त्याच्या प्रश्नांवरून ओळखावे. तो प्रथम भाव सांगत नाही. ‘जुना भाग कुठे आहे?’ असे विचारतो. तुटलेला, गंजलेला, अर्धा उरलेला कसाही असो, जुन्या भागावर माप, आकार, भोकांची जागा आणि मूळ रंग हे सारे लिहिलेले असते. तो फेकून दिला की नकाशाच हरवतो. डिकीच्या रबराखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे गाडीचा मूळ रंग बहुधा शाबूत सापडतो. जाणता रंगारी रंगपुस्तिका उघडण्याआधी तिथे पाहतो.

त्याने नुकतेच पूर्ण केलेले काम पाहून निर्णय घेऊ नये. दोन पावसाळे काढलेले काम पाहावे. पूर्ण गाडी एकदम सोपवू नये. आधी एक दार, एक मूठ किंवा एक डायनॅमो द्यावा. त्यातून त्याचा हात कळतो आणि त्यालाही मालकाचा स्वभाव कळतो. गाडी उघडण्यापूर्वी प्रत्येक कोनाड्याची छायाचित्रे घ्यावीत आणि सुटा होणारा प्रत्येक स्क्रू नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवावा. इंजिनाचे बोअरिंग, क्रँकचे ग्राइंडिंग, रेडिएटरचे डाग, डायनॅमोचे वाइंडिंग, ही कामे वेगवेगळ्या हातांची आहेत. एकच माणूस ‘सगळे मी करतो’ म्हणाला तर सावध व्हावे. खरा मिस्त्री आपल्याला न येणाऱ्या कामासाठी दुसऱ्याचे नाव सुचवतो, आणि अशा एका नावातून पुढची चार नावे मिळत जातात. शोधाची खरी वाट हीच आहे.

मोबदल्याविषयी एक गोष्ट स्पष्ट असावी. पेढीवर घासाघीस हा गुण असेल. इथे तो तोटा ठरतो. दर पाडून घेतलेला कारागीर वेळ वाचवतो, आणि वाचवलेला वेळ म्हणजे न चढवलेला तांब्याचा थर किंवा पुट्टीखाली लपवलेला खड्डा. सामानाचे पैसे वेगळे, मजुरीचे वेगळे, असा लेखी हिशेब ठेवावा. आगाऊ रक्कम ठरवावी आणि काम पाहून टप्प्याटप्प्याने ती चुकती करावी. पावसाळ्यात रंगकामाची घाई करू नये. ओल्या हवेत दिलेला रंग पांढुरका पडतो. मुळशीकडच्या गाडीसाठी दसऱ्यानंतरचे कोरडे महिने रंगाचे, आणि पावसाचे महिने यंत्रकामाचे, अशी वाटणी केली तर दोघांचीही अडचण टळते.

पुढचा हात

सर्वांत मोठा प्रश्न अजून उरतो. मूठ उजळवणारा, पत्रा बोलका करणारा, बेअरिंग खरवडणारा कारागीर बहुधा साठी ओलांडलेला असतो. त्याने ही विद्या पुस्तकातून घेतली नाही; उस्तादाच्या शेजारी उभे राहून, पाने उचलून देत घेतली. त्याचा मुलगा तीच वाट चालत नाही आणि त्याला दोष देता येत नाही; कारण या कामात मान कमी, धूळ अधिक आणि काम महिन्याला मिळेल की वर्षाला, याची शाश्वती नाही.

गुरूकडून शिष्याकडे तोंडी चालत आलेली विद्या शिष्यच न मिळाल्यास एका पिढीत संपते, हे हस्तलिखितांची भांडारे जपणाऱ्या समाजाला सांगण्याची गरज नाही. ज्या कुटुंबाजवळ अशी एखादी गाडी आहे, त्याला यात थोडे करता येण्यासारखे आहे. काम सोपवताना अट घालावी की एक तरुण मदतनीस हाताखाली असेल. त्या मदतनिसाचे वेतन हिशेबात वेगळे धरावे. कारागिराच्या परवानगीने कामाचे चित्रीकरण करावे आणि त्याची एक प्रत त्याच्याच घरी द्यावी. गाडी तयार झाल्यावर तिच्या वहीत मालकाच्या नावाबरोबर डेंटर, रंगारी, ओतारी, वायरमन यांचीही नावे लिहावीत. आणि ती गाडी रॅलीत उभी राहील, तेव्हा कोणी विचारण्यापूर्वीच ती नावे सांगावीत. पुढचे काम त्यांच्याकडे त्यामुळेच जाईल.

वालचंदांनी भारतात मोटार बनवण्याचा ध्यास घेतला, तेव्हा त्यांच्यासमोर केवळ गाडी नव्हती. ती बनवू शकणारी माणसे या देशात तयार व्हावीत, हा हेतूही त्यात होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून आता पद्मिनी बाहेर पडत नाही, पण त्या गाडीला समजून घेणारे काही हात पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात अजून काम करीत आहेत. मुळशीत यंदाचा पाऊस ओसरला की पडवीतील ताडपत्री उचलावी, गाडीला हवा लागू द्यावी, काय शाबूत आहे आणि काय गेले याची यादी करावी. ती यादी घेऊन पहिल्या मिस्त्रीच्या दारी जायला दिवाळीपर्यंत थांबण्याचे कारण नाही.